मोटारीची गिअरपेटी आणि कोंकणचें पाणी

ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं तिची निगा अगदींच राखली जात नाहीं असें सहसा दिसत नाहीं. रोज सकाळीं तिचें अंग पुसलें जातें, कांचा लखलखीत केल्या जातात, चाकांतील हवा पाहिली जाते. आणि गृहस्थ थोडा अधिक दक्ष असला तर तो एंजिनांतील तेलहि पाहतो. परंतु एंजिन आणि चाकें यांच्या मध्यें बसून जी सदासर्वदा त्या दोघांचें जमवून देत असते, त्या गिअरपेटीची आठवण मात्र ती ओरडूं लागेपर्यंत कोणास होत नाहीं. आणि ती ओरडूं लागली म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा आंकडा ऐकून यजमान ओरडूं लागतात!

या उपेक्षित पेटीची निगा आणि दुरुस्ती यांविषयीं आज कांहीं सांगावयाचें योजिलें आहे, आणि तें रायगड जिल्ह्याचा किनारा डोळ्यांपुढें ठेवून. १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा मुंबईकरांच्या मोटारींना आतां फार जवळचा झाला आहे. पेण-वडखळचा रस्ता तर पूर्वींपासून होताच. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारींसह उतारू नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि सकाळची न्याहारी मुंबईंत व दुपारचें जेवण अलिबागेंत हें सहज साध्य झालें. परंतु शहरांत वाढलेल्या मोटारीला या किनाऱ्यावर तीन गोष्टी अशा भेटतात कीं, ज्यांची तिला संवय नसते: पाणी, वाळू आणि घाट. या तिन्हींचा मार गिअरपेटीला आणि तिच्या शेजारच्या क्लचला सोसावा लागतो. त्यांतहि पाण्याचा मार अधिक कपटी. कारण तो बसतो एका दिवशीं आणि दिसूं लागतो कित्येक आठवड्यांनीं.

प्रथम ही पेटी करते काय तें पाहूं. चौल, रेवदंडा, नागांव, आक्षी या अष्टागरांतील गांवांत नारळी-पोफळीच्या वाड्यांना पूर्वीं रहाटानें पाणी देत असत. विहिरीच्या कडेला जनावर संथपणें आडवा फेरा घाली. लांकडी दांत्यांचीं दोन चाकें एकमेकांत गुंतून तो आडवा फेरा उभा करीत, आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई. जनावराची चाल तीच. परंतु ती ज्या कामाला जुंपावयाची त्या कामाला जुळेल असें रूप तिला दांत्यांनीं दिलें. मोटारीची गिअरपेटी हा त्या रहाटाचाच वंशज होय. फरक इतकाच कीं, रहाटाला काम एकच होतें आणि मोटारीला कामें अनेक असतात.

एंजिनाचा स्वभाव असा कीं, तें वेगानें फिरत असेल तेव्हांच त्याच्या अंगांत बळ असतें. उभी मोटार हलवावयाची तर चाकें हळू फिरलीं पाहिजेत, पण त्यांना जोर मात्र भरपूर मिळाला पाहिजे. साधारण लहान मोटारींत पहिल्या गिअरांत एंजिनाचे बारा-चौदा फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे वेग तितक्या पटीनें घटतो आणि घर्षणांत जाईल तेवढा भाग सोडला तर पीळ तितक्याच पटीनें वाढतो. सर्वांत वरच्या गिअरांत मात्र तीन-चार फेऱ्यांतच चाकाचा एक फेरा पुरा होतो. एंजिन आणि पेटी यांच्या मध्यें क्लचची तबकडी असते. पायाखालची पट्टी दाबली कीं त्या दोघांचा संबंध तुटतो, सोडली कीं जुळतो. गिअर बदलतांना दोन निरनिराळ्या वेगांनीं फिरणारे भाग एकमेकांत गुंतवावयाचे असतात. पहिल्या काळांत हें काम चालकाच्या कानावर आणि पायावर अवलंबून असे, आणि जरा चुकलें कीं दांत्यांचा खरखराट साऱ्या आळीला ऐकूं जाई. १९२८ मध्यें अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत प्रथम अशी योजना आली कीं, गुंतण्यापूर्वीं हे दोन्ही भाग आपोआप समान वेगावर यावे. आजच्या हातानें बदलावयाच्या गिअरपेटींत हें काम बहुधा पितळी कडीं करतात. हीं कडीं मऊ असतात आणि घासली जाण्यासाठींच जन्मलेलीं असतात. तीं किती वर्षें टिकतील हें चालकाचा हात किती घाईचा आहे यावर आणि पेटींतील तेलावर अवलंबून आहे.

आतां तेलाकडे वळूं, कारण या पेटीची निम्मी निगा म्हणजे तेलाची निगा. पेटींत सामान्यतः दोन-अडीच लिटर तेल असतें. एंजिनांतील तेल थोडेंथोडें जळतें. गिअरपेटींतील तेल जळत नाहीं. म्हणून तें कमी झालें असेल तर तें कोठून तरी गळलेंच आहे, असें निःशंक समजावें. मोटार उभी असते तेथील फरशीवर महिन्यांतून एकदां वांकून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. दाट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास येणारा डाग दिसला तर तो बहुधा याच तेलाचा. पेटीच्या कुशीला एक बूच असतें. मोटार सपाट जागेवर उभी करून तें उघडलें असतां तेल भोंकाच्या कडेपर्यंत आलेलें असावें, अशी बहुतेक गाड्यांत खूण असते. हें पाहण्यासाठीं मोटारीखालीं शिरावें लागत असेल तर केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीहि शिरूं नये. खालीं भक्कम घोड्या लावाव्या, नाहीं तर तें काम मिस्त्रीकडेच सोंपवावें. तेल बदलणारानें आणखी एक नियम पाळावा: वरचें भरण्याचें बूच निघतें कीं नाहीं तें आधीं पाहावें आणि मगच खालचें सोडावें. वरचें बूच गंजून बसलें असेल आणि खालून तेल सोडून दिलें असेल, तर मोटार रिकाम्या पोटानें तेथेंच अडकून पडते.

तेल कोणतें घालावें याचें उत्तर दुकानदाराला विचारूं नये. तें मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. "अधिक वरच्या आंकड्याचें तें अधिक चांगलें" हा समज येथें घातक ठरतो. जी.एल.-४ आणि जी.एल.-५ अशा दोन जातींचीं गिअर-तेलें बाजारांत मिळतात. दुसऱ्या जातींत फार मोठा दाब सोसण्यासाठीं घातलेलीं गंधक-स्फुरदयुक्त द्रव्यें अधिक असतात. मागच्या आंसावरील दांत्यांना तीं हितकारक होतात. परंतु पितळी कड्यांना त्यांपैकीं कित्येक तेलें बाधतात, आणि त्यांच्या निसरडेपणामुळें कड्यांची पकडहि सुटते. जुनें तेल सोडतांना बुचावरील लोहचुंबक अवश्य पाहावें. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर तो नित्याच्या झिजेचा. त्याची चिंता नको. मात्र बोटाला टोंचणारे कण किंवा दांत्याचा तुकडा आढळला, तर पेटी उघडण्याची वेळ आली आहे असें समजावें.

या तेलाचा हाडवैरी पाणी. तें पेटींत शिरतें कसें? पेटी बंद दिसली तरी तिच्या माथ्यावर श्वास घेण्यासाठीं एक बारीक नळी किंवा छिद्र असतें. लांबच्या प्रवासानें पेटी तापलेली असते आणि आंतील हवा प्रसरण पावलेली असते. अशा वेळीं मोटार साकवावरून वाहणाऱ्या पाण्यांत घातली तर पेटी एकाएकीं निवते, आंतील हवा आकसते, आणि पेटी श्वास घेऊं लागते. त्या वेळीं नळीचें तोंड किंवा एखादी झिजलेली तेल-सीळ पाण्याखालीं असेल, तर हवेऐवजीं पाणीच आंत ओढलें जातें. पाणी आणि तेल दांत्यांत घुसळलें जाऊन ताकासारखें पांढुरकें मिश्रण होतें. त्याला तेलाचें बळ राहत नाहीं. बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंज चढतो, आणि कांहीं आठवड्यांनीं पेटी घुमूं लागते. तोंपर्यंत यजमान त्या पावसाळी सहलीला विसरलेला असतो, आणि दोष मिस्त्रीला किंवा कारखान्याला दिला जातो.

हा धोका पुस्तकी नाहीं. २६ जुलै २००५ च्या आणि पुन्हां जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत महाड शहरांत पुराचें पाणी शिरलें. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशींत वसलेल्या त्या गांवांत माणसांवर, घरांवर आणि दुकानांवर जें संकट आलें त्यापुढें वाहनांची हानि ती काय! तरीहि ज्याची रोजची भाकरी एका टेंपोवर किंवा भाड्याच्या मोटारीवर अवलंबून आहे, त्याला तें वाहन वांचणें म्हणजे संसार पुन्हां उभा राहणें असतें. पुराचें पाणी ओसरलें कीं प्रत्येकाचा हात स्वाभाविकपणें किल्लीकडे जातो. "एकदां सुरू होते का तें तर पाहूं," असें वाटतें. नेमकें हेंच करूं नये. एंजिनांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं, आणि त्याच्या आघातानें आंतील दांडे वांकतात. गिअरपेटींत पाणी असेल तर पहिल्याच मैलांत गाळ आणि पाणी प्रत्येक बेअरिंगांत पोहोंचतें. म्हणून बुडालेल्या मोटारीची किल्ली फिरवूं नये, कीं कळ दाबूं नये. जाणत्याकडून बॅटरी सोडवून घ्यावी, मोटार उचलून न्यावी, आणि सुरू करण्यापूर्वींच एंजिन, गिअरपेटी व मागचा आंस यांतील तेल सोडून पाहावें. पेटींतून दुधाळ तेल आलें तर नवें भरून थोडें फिरवावें, पुन्हां सोडावें, आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हा क्रम चालवावा. दोन-तीन वेळचें तेल वायां गेलें असें वाटेल; पण पेटीच्या किंमतीपुढें तें कांहींच नव्हे. विम्याचेंहि येथेंच सांगून ठेवतों: पाणी शिरलेलें एंजिन सुरू केल्यानें जी हानि होते ती साध्या विम्यांत बहुधा भरून मिळत नाहीं, त्यासाठीं निराळें जोड-कलम घ्यावें लागतें, आणि तें घेतलें असलें तरी त्याच्या अटी पावसाळ्यापूर्वीं वाचून ठेवाव्या.

पुराची दुसरी बाजू शहरांतील घरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून, गाद्या बदलून पुन्हां बाजारांत येऊं शकतात. जुनी मोटार घेतांना रंग आणि गाद्या पाहण्यापूर्वीं गिअरपेटीचें बूच उघडून तेलाचे चार थेंब पाहावे. नुकतेंच तेल बदललेलें असेल तर बुचाच्या आट्यांवरचा गंज पाहावा. त्यांची साक्ष सहसा खोटी नसते.

पुराखेरीज या किनाऱ्यावर पाण्याचें आणखी एक सौम्य रूप आहे, तें म्हणजे खारी दमट हवा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथें मुंबईकरांचीं दुसरीं घरें असतात, आणि कांहीं वेळां मोटार पावसाळाभर तेथेंच पडून राहते. अशा मोटारीच्या क्लचची तबकडी गंजून शेजारच्या चक्राला चिकटून बसते. यजमान येतो, मोटार सुरू करतो, क्लच दाबतो, आणि गिअर कांहीं केल्या पडत नाहीं. पेटी गेली असें समजून ती उतरवण्याची घाई येथें करूं नये. एंजिन बंद असतां सर्व गिअर सहज पडतात, आणि सुरू असतांना खरखरतात किंवा मुळींच पडत नाहींत, तर दोष पेटींत नसून क्लच सुटत नाहीं असा त्याचा अर्थ. प्रतिबंध सोपा आहे: आठवड्यांतून एकदां मोटार कोणाकडून तरी थोडी चालवून आणवावी. दीर्घकाळ उभी करावयाची तर हातब्रेक ओढून ठेवूं नये. गिअरांत ठेवून चाकांना ठोकळे लावावे. किनाऱ्यावरून परत आल्यावर मोटारीचा खालचा भाग गोड्या पाण्यानें धुवावा, आणि पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरील रबरी पिशव्या फाटल्या नाहींत ना तें पाहावें. पिशवी फाटली कीं वंगण बाहेर जातें आणि वाळू आंत येते. मग वळण घेतांना कटकट असा आवाज येऊं लागतो. वेळींच बदललेली पिशवी स्वस्त, सांधा महाग.

वाळूविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं, कारण सल्ला एकच आहे: मोटार पुळणीवर नेऊं नये. काशिदची किंवा नागांवची ओहोटीची वाळू फरशीसारखी घट्ट दिसते. परंतु मोटार थांबली कीं चाकाखालचें पाणी सरतें आणि चाक रुततें. मग चालक जोरानें एंजिन फिरवतो, क्लच अर्धा धरतो, आणि कांहीं मिनिटांतच जळका वास सुटतो. तो वास म्हणजे तबकडीचें आवरण जळल्याची वर्दी. ओहोटीनंतर सुमारें सहा तासांनीं भरती पूर्ण होते, आणि समुद्र कोणाची वाट पाहत नाहीं. मोटार अडकलीच तर चाकें फिरवणें तत्काळ थांबवावें, चाकांपुढची वाळू उपसावी, फळ्या घालाव्या आणि मदत बोलवावी. पाणी चढूं लागलें तर माणसें आधीं बाहेर काढावीं. मोटारीचा विचार मागाहून करतां येतो.

आतां घाटांकडे येऊं, कारण येथें प्रश्न पेटीचा राहत नाहीं; तो माणसांच्या प्राणांचा होतो. रायगडच्या किनाऱ्यावरून देशावर जावयाचें तर खोपोलीहून बोरघाट, माणगांवहून ताम्हिणी, महाडहून वरंधा किंवा पोलादपूरहून आंबेनळी चढावाच लागतो. चढतांना दोन पथ्यें पाळावीं. एंजिन गुदमरूं लागण्यापूर्वींच खालचा गिअर घ्यावा. आणि चढावर थांबावें लागलें तर क्लच अर्धा धरून मोटार तोलूं नये, हातब्रेक लावावा. उतरतांनाचा नियम जुन्या चालकांनीं एका वाक्यांत बसविला आहे: ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा. खालच्या गिअरांत एंजिन मोटारीला मागें ओढून धरतें आणि ब्रेकांना विसांवा मिळतो. केवळ ब्रेकावर लांब उतार उतरला तर ते तापतात, त्यांतील द्रव उकळूं शकतो, आणि शेवटच्या वळणावर पट्टी पायाखालीं निर्जीव होते. बोरघाटाच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन जड वाहनांचे भीषण अपघात झाले आहेत. गिअर काढून टाकला कीं इंधन वांचतें, हा समज आजच्या मोटारींबाबत तर सपशेल चुकीचा आहे. उतारावर गिअर पडलेला असून पाय वेगाच्या पट्टीवरून काढला असतां त्यांतील यंत्रणा एंजिनाचें इंधनच तोडते. उलट गिअर काढला तर एंजिन जागतें ठेवण्यासाठीं इंधन खर्चावें लागतें. म्हणजे जीव धोक्यांत घालून वर इंधनहि अधिक जळतें!

पेटी बिघडण्यापूर्वीं बोलते, आणि तिची भाषा थोड्या सरावानें कळते. मोटार उभी आहे, एंजिन सुरू आहे, गिअर पडलेला नाहीं, आणि घरघर ऐकूं येते. क्लच दाबतांच ती थांबते. असें असेल तर पेटींतील पहिल्या दांड्याच्या बेअरिंगावर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष क्लचच्या बेअरिंगाचा. एकाच गिअरांत आवाज येत असेल तर त्या गिअरचे दांते झिजले असावे. सर्व गिअरांत घुमत असेल तर प्रथम तेल पाहावें. एकच गिअर घालतांना खरखर होत असेल तर त्याचें पितळी कडें संपत आलें. वरच्या गिअरांत चढावर एंजिनाचा सूर चढतो आणि मोटारीचा वेग मात्र चढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. मिस्त्रीकडे जातांना "गिअरांत कांहीं तरी होतें" असें मोघम सांगूं नये. कोणत्या गिअरांत, किती वेगाला, थंड असतां कीं तापल्यावर, हें सांगावें आणि त्याला शेजारीं बसवून एक फेरी मारावी. हें अर्ध्या तासाचें काम पुष्कळदां पेटी विनाकारण उघडण्याचें संकट टाळतें. पेटी उतरवावीच लागली तर क्लचची तबकडी, त्याचें बेअरिंग आणि तेलाच्या सिळा त्याच वेळीं तपासून, झिजल्या असल्यास बदलून घ्याव्या. कारण मजुरी पेटी उतरवण्याची आहे, आणि ती दोनदां कां द्यावी? काढलेले भाग परत मागून पाहावे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाहीं.

ज्यांच्या मोटारींत गिअर आपोआप बदलतात त्यांनीं निश्चिंत राहूं नये. कांहींत तेलाच्या प्रवाहानें, कांहींत पट्ट्यानें, कांहींत दोन क्लचांनीं काम चालतें. आणि २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या ए.एम.टी. जातींत साध्या पेटीवरच यांत्रिक हात बसविलेला असतो. प्रत्येकाचें तेल निराळें, आणि एकाचें दुसऱ्यांत घातलें तर पेटीचा घात होतो. तेलावर चालणाऱ्या पेटींत पाणी विशेष घातक. तें आंतील घर्षण-तबकड्यांचा गोंदच सोडवतें. अशी मोटार बंद पडली तर तिचीं चालतीं चाकें जमिनीवर ठेवून ओढूं नये. बहुतेक पेट्यांत तेल फिरवणारा पंप एंजिनावर चालतो, आणि एंजिन बंद असतां दांते कोरडे फिरतात. विजेच्या मोटारींत अनेक गिअरांची पेटी बहुधा नसते, तरी वेग घटविणारी दांत्यांची एक जोडी असतेच, आणि तिलाहि तेल लागतें.

श्रोतेहो, पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि पावसाळ्यानंतर एकदां पेटीचें तेल पाहून घ्यावें. पाण्यांत बुडालेली मोटार तेल पाहिल्याखेरीज सुरू करूं नये. आणि घाटाच्या उतारावर गिअर सोडूं नये. घरांत मोटार चालविणारे जितके असतील तितक्यांना, मुलामुलींनाहि, हीं तीन पथ्यें आज रात्रीं जेवतांना सांगून ठेवावीं.